चाळणीवर उरलं ते

रांजणाभोवती एवढी माणसं जमली होती, की खडी भरायला आलेल्या डंपरला वळायला जागा उरली नव्हती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवून पाहिला. मग गाडी बंद केली, खाली उतरला आणि तोही रांगेत येऊन उभा राहिला.

दगडखाणीच्या जुन्या ऑफिसच्या ओट्यावर गारवाबाबा बसले होते. शेजारी कमरेएवढा दगडी रांजण. मागे एक लोखंडी पेटी, झाकणाला चीर असलेली.

"ताप कुठून येतो?" बाबांनी विचारलं.

"आतून!" रांग ओरडली.

"आणि जातो कशाने?"

"गारव्याने!"

"शाब्बास. दवाखान्यात सांगतात, डास चावला की हिवताप होतो. अरे, डास मलाही चावतात. मला येतो का ताप? का नाही येत? माझ्या रक्तात गारवा आहे. मला चावलेला डास हुडहुडत घरी जातो आणि बायकोला पांघरूण मागतो!"

माणसं पोट धरून हसली. बाबांनी हसू ओसरू दिलं आणि आवाज खाली आणला.

"मी डॉक्टरांचा वैरी नाही. गोळी घ्या. पहिल्या दिवशी घ्या, ताप उतरू द्या. पण उतरल्यावर उरलेल्या गोळ्या घरात ठेवाल, तर त्यांच्या वासाने ताप परत येईल. उरलेली गोळी म्हणजे उरलेला ताप! ती या पेटीत टाका. मी खोल खड्ड्यात पुरून टाकतो. आणि वरून हे पाणी प्या. कडू लागेल. कडू लागतं तो तुमचा आजार असतो, बाहेर पडताना जिभेला लागतो."

पेटीत खळखळ गोळ्या पडत होत्या. पेल्यामागून पेले रिकामे होत होते. काल फणफणलेला डंपरवाला आज दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवत होता, बघा, उभा आहे.

आत्या हे सगळं जाता जाता बघत होती. ती खरी आत्या एकट्या सुरुंगवाल्याची, पण सगळी खाण तिला आत्याच म्हणायची. खडी फोडणाऱ्या यंत्राच्या चाळणीवर तिची उमर गेली होती. यंत्राच्या जबड्यात दगड फुटायचे, थरथरणाऱ्या जाळीवर पडायचे, बारीक खाली जायचं, मोठं वर राहायचं आणि आत्या ते वरचं पुन्हा जबड्याकडे ढकलायची. दिवसभर काय गेलं आणि काय राहिलं एवढंच बघायचं काम. त्यामुळे रांगेकडेही ती तशीच बघत होती. नवे चेहरे थोडे होते. बाकीचे गेल्या महिन्यातलेच.

"आत्या, या की रांगेत," मुकादम म्हणाला. बाबांना ऑफिसची खोली आणि पंखा त्यानेच दिला होता.

"मला ताप नाही."

"येऊ नये म्हणून प्या."

"तुम्ही कितव्यांदा पिताय?"

"मोजतंय कोण! पण गुण असा, की दर वेळी बरा होतो." मुकादमाची छाती फुगली होती.

"मग दर वेळी आजारी कोण पडतं? तुमचा भाऊ?"

मुकादमाने तोंड फिरवलं. आत्या कामावर गेली. पण दिवसभर जाळीच्या खडखडाटात तिच्या मनातून ती रांग जाईना. बरी झालेली माणसं रांगेत परत का येतात?

*

त्याच आठवड्यात चिमणीला थंडी वाजली. चिमणी म्हणजे सुरुंगवाल्याची मुलगी. सुरुंगवाला लहानपणी पोरका झाला, तेव्हापासून आत्यानेच त्याला वाढवलं होतं. त्यामुळे चिमणी तिची नात म्हणायची, आणि जीव म्हणाल तर नातीपेक्षा जास्त.

भर दुपारी पोर पांघरुणांच्या ढिगाखाली थरथरत होती. दात वाजत होते. मग अंग असं तापलं की हात ठेववेना. मग घामाने अंथरूण भिजलं आणि ताप आपोआप खाली आला. आत्याने तिला उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, काही खाटा आणि एक तरुण डॉक्टरबाई. तिने बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि गोळ्या दिल्या.

"सगळ्या संपवायच्या. ताप उतरला तरी."

आत्याने त्या साखरेत कुटून स्वतःच्या हाताने दिल्या. एक उलटली, तर दवाखान्यातून मागून आणून पुन्हा दिली. ताप गेला. चिमणी दारात खडे मांडून खेळायला लागली. आणि थोडेच दिवस गेले असतील, एका दुपारी तिने खडे टाकून दिले आणि म्हणाली, "आजी, ऊन थंड लागतंय."

आत्या तिला उचलून पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाई या वेळी काचेकडे फार वेळ बघत राहिली.

"आत्या, खरं सांगा. गोळ्या सगळ्या दिल्या होत्या?"

"माझ्या हाताने."

"बाबांचं पाणी?"

"एक थेंब नाही. त्या ओट्याजवळून नेतानासुद्धा मी तिचं तोंड झाकते."

डॉक्टरबाईने डोळे मिटले. "तुम्ही खोटं बोलत असता तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे गोळी पोटात गेली आणि जंतू मेले नाहीत. हिच्यासारखे आणखी काही जण या महिन्यात आले. मी समजत होते की ते डोस अर्धवट टाकतात. पण हिने तर पूर्ण घेतला." तिने आवाज सावरला. "दुसरं औषध आहे. इथे नाही, शहरातून मागवते. उद्या दुपारपर्यंत गाडी येईल. तोवर अंग पुसत राहा, पाणी पाजत राहा. झटका आला किंवा शुद्ध हरपायला लागली, तर क्षणभर थांबू नका, तशीच इकडे आणा."

*

घरी सून, चिमणीची आई, दारातच उभी होती.

"काय म्हणाल्या तुमच्या डॉक्टरबाई?"

"औषध बदलणार आहेत."

"म्हणजे पहिलं चुकलं ना! शेजारची पोरगी बाबांचं पाणी पिऊन उड्या मारतेय, आणि आमची? आत्याबाई, तुमचा हट्ट आणि माझं लेकरू!"

सुरुंगवाला भिंतीला टेकून बसला होता.

"आत्या, मी बाबांशी बोलून आलोय. उद्या सकाळी चिमणीला त्यांच्याकडे नेतो. ते म्हणाले, ताप हट्टी आहे, तिला तीन दिवस खड्ड्याशेजारच्या गार खोलीत ठेवावं लागेल. दुसरं औषध शिवायचं नाही."

"तीन दिवस? अरे, ती तीन दिवस काढेल का?"

"आणि तुझ्या गोळ्यांनी काय काढलं?"

गोळ्या खरंच हरल्या होत्या. आत्या चिमणीचं कपाळ पुसत बसली. पोर झोपेत काहीतरी पुटपुटत होती, आणि पुटपुटणं समजत नव्हतं.

उजाडताना आत्याची नजर खिडकीतल्या बाटलीवर गेली. रांजणाचं पाणी. सुनेने आधीच आणून ठेवलं होतं. पाणी स्थिर झालं होतं आणि तळाशी पांढरा थर बसला होता.

आत्याने बाटली उजेडात धरली. जन्मभर तिने दगडाची धूळ गिळली होती. या थरात दगड नव्हता. तिने थर बोटावर घेऊन चोळला. कचकच नाही, पिठासारखा मऊ. मग जिभेच्या टोकाला लावला, आणि तिचं तोंड वाकडं झालं. वरवर पाल्याचा कडूपणा होता. पण त्याच्या खाली, जिभेच्या मुळाशी जाऊन चिकटणारा दुसरा कडूपणा होता. तो तिच्या ओळखीचा होता. साखरेत गोळी कुटताना रोज बोटाला लागायचा तोच.

ती बाटली पोटाशी धरून दवाखान्याकडे पळत सुटली.

डॉक्टरबाईनेही थेंब जिभेवर घेतला आणि लगेच थुंकला. मग ती खुर्चीवर बसली. आनंद झाल्यासारखी मुळीच दिसली नाही.

"या पाण्यात नेमकं काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल. पण माझ्या मनात आलंय तेच तुमच्याही मनात आलंय ना?"

"रांजणाचा तळ बघितला पाहिजे," आत्या म्हणाली. "चला. माझा भाचा पोरीला घेऊन निघाला असेल."

*

सकाळची रांग नेहमीपेक्षा लांब होती. सुरुंगवाला चिमणीला खांद्यावर घेऊन, सुनेसोबत, सगळ्यात पुढे पोचला होता. बाबांनी मात्र ऊन चढलं तरी अंगाभोवती जाड शाल ओढून घेतली होती.

आत्या चाळणीची एक बारीक जाळी काखेत मारून आली, मागोमाग डॉक्टरबाई. लोकांनी वाट दिली.

"आली! शेवटी आत्यापण आली!" मुकादम ओरडला. "जाळी कशाला आणलीत? गारवा गाळून घेणार का?"

"होय. बाबा, मला पाणी द्या. पण वरचं नको, तळाचं द्या. गारवा खाली बसत असेल ना?"

बाबांची पापणी लवली. "तळाचं पाणी जहाल असतं, बाई. तुला झेपायचं नाही."

"मी आयुष्यभर दगड खाल्लाय. झेपेल."

"मग मलाही तळाचंच पाहिजे," डंपरवाला म्हणाला. "माझा ताप काल पुन्हा आलाय. वरच्याने भागत नाही."

"मलाही!" मागून कोणीतरी म्हणालं. रांग पुढे सरकली. बाबा उठले, पण उठता उठता लटपटले. तेवढ्यात डंपरवाल्याने आणि आत्याने रांजणाला हात घालून तो कलंडवला. पाणी भळाभळा जाळीतून वाहून गेलं.

आधी पाला निघाला, मुठीमुठीने. मग पांढरा लगदा. आणि लगद्यात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. प्रत्येकीच्या मधोमध एक रेघ.

ती रेघ तिथल्या प्रत्येक आईला माहीत होती. पोरांना अर्धी गोळी द्यायची झाली, की त्याच रेघेवर मोडायची असते.

"ही तर दवाखान्याची गोळी!" सून पुढे आली. तिने एक तुकडा उचलला आणि टाकून दिला. "बाबा, तुम्ही तर पुरत होतात ना?"

"चमत्कार!" बाबांनी हात उंचावले. "मी पुरलेल्या गोळ्या माझ्या हाकेला जमिनीतून चालत आल्या!"

"चालत आल्या तर पायऱ्या चढून रांजणात कशा बसल्या?" आत्या म्हणाली. "आणि ओळीने आल्या, की मुकादमांनी डंपर पाठवला होता?"

कोणीतरी फिसकन हसलं. पण बाकीचे हसले नाहीत. ते जाळीकडे बघत होते.

"असेना का गोळी!" मुकादम चिडून म्हणाला. "ताप उतरत होता ना? मग बिघडलं काय?"

"बिघडलं ते सांगते," डॉक्टरबाई म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, म्हणून सगळे गप्प झाले. "हिवतापाचा ताप चढतो आणि घाम येऊन काही तासांत स्वतःच उतरतो. बाबांचं अर्धं नाव त्या घामाने कमावलं. उरलेलं अर्धं या गोळ्यांनी. तुम्हीच दिलेलं औषध तुम्हालाच पाण्यातून मिळत होतं, पण चिमूटभर. रक्तातले जंतू कमी करायला पुरेसं, संपवायला अपुरं."

"मग कमी तर झाले," डंपरवाला म्हणाला.

"कोणते कमी झाले? आत्या, तुमच्या जाळीतून खाली काय पडतं?"

"बारीक."

"वर काय राहतं?"

"मोठं. ते आम्ही परत जबड्यात घालतो, फोडतो."

"तुम्ही फोडता. इथे कोणी फोडलं नाही. हिवताप झालेल्या माणसाच्या रक्तात कोट्यवधी जंतू असतात. सगळे सारखे नसतात. एखादा जन्मतःच थोडा चिवट असतो, औषध थोडं सोसू शकतो. थोडंच औषध दिलं, तर नाजूक मरतात आणि तो चिवट उरतो. आता त्याला सगळं रान मोकळं. त्याची पिल्लंही चिवटच. त्यांना पुन्हा थोडं औषध, म्हणजे त्यातले अतिचिवट उरणार. पूर्ण डोस हा तुमचा दुसऱ्यांदा फोडणारा जबडा आहे. तो तुम्ही पेटीत टाकून आलात, आणि रक्तात चाळणी चालू ठेवलीत. महिनोन् महिने."

"म्हणजे किडे औषध ओळखायला शिकले?" सुरुंगवाल्याने विचारलं.

"शिकले नाहीत. आपण त्यांना निवडलं. बियाणं निवडतात तसं."

सुरुंगवाल्याने खांद्यावरच्या चिमणीला सावरलं. "पण हिने पाणी प्यायलंच नाही, डॉक्टरबाई. हिने सगळ्या गोळ्या घेतल्या. हिचा काय दोष?"

"काही नाही. तुमच्यातल्या कोणाला तरी चावून डास हिला चावला. तुमच्या अंगात निवडून काढलेले जंतू त्याने हिच्या अंगात आणले. डास रांगेत उभा राहत नाही आणि कोणी पूर्ण डोस घेतला हे विचारत नाही."

मुकादमाने हातातला पेला हळूच खाली ठेवला. एक बाई आपल्या मुलाला जवळ ओढून जाळीपासून मागे सरकली, जणू त्या लगद्यातून काही उडी मारणार होतं. आणि तेवढ्यात कटकट कटकट असा आवाज यायला लागला. बाबांचे दात वाजत होते.

"माझ्या अंगात गारवा संचारलाय..." ते पुटपुटले.

"ही हुडहुडी आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "पेटीतल्या चांगल्या गोळ्या तुम्ही स्वतःसाठी काढून घेत असणार, म्हणून तुम्हाला ताप येत नव्हता. आता त्याच गोळ्या तुम्हालाही पुरत नाहीत. उठा, दवाखान्यात चला."

मुकादमाने पुढे होऊन बाबांना आधार दिला. बाबांनी मान वर केली नाही.

*

दुपारी गाडी आली. नवं औषध चिमणीच्या शिरेतून आत जायला लागलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. पोर डोळे अर्धे उघडे ठेवून छताकडे बघायची आणि हाक मारली तर वळायची नाही. सून खाटेच्या पायाशी बसून होती. अधूनमधून ती आत्याचा हात घट्ट धरायची. सुरुंगवाला बाहेर येरझारा घालायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारची थंडीची वेळ झाली. सगळे श्वास रोखून बसले. वेळ टळून गेली. थंडी आली नाही. चिमणीने मान वळवली आणि विचारलं, "आजी, माझे खडे कोणी घेतले?"

सून हमसून हमसून रडली.

डॉक्टरबाईने काच तपासली आणि मान हलवली. पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"आत्या, हे दुसरं औषध चाललं. पण औषधांचं पहिलं दार बंद झालं, हे पुढचं दार आहे, आणि यापुढे फार दारं नाहीत. यालाही आपण अर्धवट वापरलं, तर हेही असंच बोथट होईल. मग चिमणीसारखं पोर आलं, तर मी काय देऊ?"

त्याच रात्री बाबांची खाट रिकामी झाली होती. ताप उतरताच ते निघून गेले होते. जाताना टेबलावरची नव्या औषधाच्या गोळ्यांची काही पाकिटं घेऊन गेले. अर्ध्या मेलेल्या जंतूंसकट आणि नव्या गोळ्यांसकट. काही दिवसांनी एका डंपरवाल्याने बातमी आणली, की नदीपलीकडच्या विटांच्या भट्ट्यांवर कोणी एक साधू आलाय, रांजण मांडून बसलाय, पाणी मात्र या वेळी कडू नाही. डॉक्टरबाईने ऐकलं, दवाखान्याला कुलूप लावलं आणि तशीच त्या डंपरमध्ये बसून निघाली.

चिमणी घरी आली होती. आता तिला तोंडाने घ्यायच्या गोळ्या होत्या. आत्या कामावरून आली, तेव्हा सून पाकिटात उरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवत होती.

"हे काय गं?"

"पोरगी बरी झाली, आत्याबाई. खेळतेय, जेवतेय. या उरलेल्या जपून ठेवते. पुन्हा कधी लागल्या तर असाव्यात घरात." तिच्या चेहऱ्यावर भोळं समाधान होतं.

आत्या उंबऱ्यातच थिजली. बाबा नदीपलीकडे होते. रांजण रिकामा होता. आणि तरी पेटी याच घरात होती, सुनेच्या हातात. तिला तेव्हा कळलं, की बाबांनी नवीन काहीच शिकवलं नव्हतं. ताप उतरला की औषध थांबवायची घराघरातली सवय त्यांनी फक्त उचलली आणि त्या सवयीसाठी एक पेटी ठेवली.

तिने डबा उघडला, पेला भरला आणि चिमणीला हाक मारली.

"मला नाही ताप, आजी!"

"माहीत आहे. ही तुझ्यासाठी नाही. जाळीवर जो एखादा उरला असेल, त्याच्यासाठी आहे. गिळ."

या गोळ्या कडू नव्हत्या, तरी चिमणीने नाक धरलं, गोळी गिळली आणि वेडंवाकडं तोंड केलं. पाकीट संपेपर्यंत आत्या रोज वेळेवर समोर बसत राहिली. शेवटची गोळी पोटात गेली, तेव्हा तिने रिकामं पाकीट सुनेच्या हातावर ठेवलं.

आजही चाळणीवर कोणी तिला विचारलं, की ताप उतरलाय, आता गोळी कशाला, तर ती यंत्र थांबवायला लावते. जाळीवर उरलेला टणक खडा उचलून विचारणाऱ्याच्या तळहातावर ठेवते. म्हणते, "ताप उतरला का, हे कोणीही भोंदू सांगेल. तो परत का आला, हे विचार. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचं पाणी पिऊ नकोस. आणि ज्याला देता येतं, त्याने दिलेलं औषध अर्ध्यावर सोडू नकोस."